समासकाका आणि माझी चालणारी म्हातारी

समासकाका कुणाचाही अर्ज आधी वाचत नसत. आधी फूटपट्टी घेऊन डावीकडचा समास मोजत. आमच्या ज्ञातीच्या शिक्षण निधीचे ते सचिव, आणि ठाण्यात एका दवाखान्यावरच्या खोलीत त्यांचं कार्यालय. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मी डोंबिवलीहून तीनदा गेले आणि तीनदा तसाच परत घेऊन आले. चौथ्या वेळी ते म्हणाले, "समास आता उत्तम आहे. दे, वाचतो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कमर्शिअल आर्ट संपवून मी एका जाहिरातींच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरत होते. ॲनिमेशनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गुजरातेतल्या एका संस्थेत माझी निवड झाली होती, पण तिथली फी आणि होस्टेल बाबांच्या आवाक्यातलं नव्हतं. शिष्यवृत्ती नाही, तर जागा गेली.

"ॲनिमेशन म्हणजे ते रविवारी सकाळी टीव्हीवर असतं ते?" काकांनी विचारलं.

"हो."

"ते शिकावं लागतं?"

काय बोलणार, कपाळ? आईने सुचवलेलं, विषयाच्या रकान्यात सरळ चित्रकला लिहून टाक. काकांना ते चालेना. "यादीत विषय नसेल तर यादी वाढवू. पण जे शिकणार तेच लिही."

अर्जासोबत कामाचा नमुना म्हणून मी एका म्हातारीची ऐंशी चित्रं दिली होती. गठ्ठा अंगठ्याखालून भरभर सोडला की म्हातारी चालायची, थांबायची, वाकून काठी उचलायची. काकांनी काय करावं? सभेत पाच सभासदांना तो गठ्ठा पेढे वाटावेत तसा सोळा-सोळा कागदांनी वाटून दिला. कुणाला कमी-जास्त नको, म्हणून. ती मंडळी एकेक कागद चष्म्यासमोर धरून बघत बसली. एकाने म्हटलं, "पोरीने एकच म्हातारी पुन्हापुन्हा काढली आहे." दुसऱ्याला कागद वाया गेल्याचं वाईट वाटलं. अर्ज नामंजूर.

हे सगळं मला काकांनीच सांगितलं, काही न लपवता. मी तिथल्या तिथे गठ्ठा लावला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सोडला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, स्वतः तीन वेळा सोडून पाहिला.

"चालते की गं ही," ते म्हणाले. मग गठ्ठ्याच्या कडा नीट जुळवून तो टेबलावर ठेवला. "माझं चुकलं."

"मग परत सभा बोलवा."

"फेरविचार पुढच्या वर्षी. नियम आहे."

"म्हणजे चूक तुमची आणि वर्ष माझं?"

"हो," काका म्हणाले.

जागा गेली. आणखी एक वर्ष मी लोकांच्या साबणांच्या वड्या रंगवल्या आणि रोज काकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी संस्थेने पुन्हा निवडलं. तोवर काका म्हातारीचा गठ्ठा पिशवीत घालून माजिवड्यापासून कल्याणपर्यंत एकेका सभासदाच्या घरी जाऊन आले होते. सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगठ्याने त्यांनी तिला चालवलं. अर्ज एकमताने मंजूर झाला. मी आभार मानले, पण तोंडदेखलेच. गेलेलं वर्ष माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

शिष्यवृत्ती हप्त्याहप्त्याने यायची आणि प्रत्येक हप्त्याआधी प्रगतीचा अहवाल पाठवावा लागायचा. काका तो हमखास परत पाठवत. 'तिसरे वाक्य अस्पष्ट. पुन्हा लिहावे.' शेवटच्या वर्षी अभ्यासक्रमाच्या फिल्मचं काम चालू होतं, जेवायला फुरसत नव्हती. अहवाल मी पाठवलाच नाही. म्हटलं, काय करायचं ते करा. हप्ता मात्र वेळेवर आला. काका थकले असतील, विसरले असतील, असं मी धरून चालले. जिरवल्याचं समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू?

ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मी ठाण्याच्या कार्यालयात गेले तेव्हा नव्या सचिवांनी माझी फाइल काढली. शेवटच्या अहवालाच्या जागी काकांच्या अक्षरातला एक कागद होता. 'अहवाल आलेला नाही. विद्यार्थिनीचे एक वर्ष माझ्या चुकीने गेले आहे. आणखी दिवस जाऊ नयेत. हप्ता द्यावा. जबाबदारी माझी.'

फिल्म मी त्यांना कधी दाखवली नव्हती. ते बोलावतील म्हणून मी थांबले होते, आणि ते कशाला बोलावतील? मला स्वतःचाच भयंकर राग आला. नव्या सचिवांकडून कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच बसून अहवाल लिहिला. तिसरं वाक्य दोनदा खोडलं. तो परत पाठवणारं आता कुणी नव्हतं.