पायाचा ब्रेक

आमच्या मामाजींना गाडी दिसावी लागत नसे, ऐकू आली तरी पुरे. पिपरी मेघेतल्या आमच्या घराच्या फाटकाशी ते संध्याकाळी खुर्ची टाकून बसत. वळणापलीकडून एखादी मोटारसायकल येऊ लागली की तिकडे न बघताच म्हणत, "क्लच जाळून राह्यला हा." गाडी समोर आली की त्या माणसाला हात दाखवून थांबवत आणि तेच पुन्हा तोंडावर ऐकवत. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

पाटबंधारे खात्यातली त्यांची सगळी नोकरी कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्यांवर मोटारसायकलने फिरण्यात गेली. गल्लीतली निम्मी माणसं गाडी शिकली ती त्यांच्याकडेच. माझे यजमान शिकले, शेजारचा बाळू शिकला. लग्नानंतर मला कृषी सहायकाची नोकरी लागली आणि गावोगाव हिंडायची वेळ आली, तेव्हा मीही शिकले. त्यांचा एकच मंत्र होता, "गाडी पायानं थांबवाची. हातचा ब्रेक धरला का तोंडावर पडलाच समज." शिकवताना ते मागे बसत. माझी बोटं पुढच्या ब्रेकवर गेलेली दिसली की खांद्यावर टिचकी मारत. त्या टिचकीने मी इतकी तयार झाले, की पुढचा ब्रेक गाडीला शोभेसाठी लावलेला असतो असंच मला वाटायला लागलं होतं.

पुढे कधीतरी हिंगणीला एका नातेवाइकांकडचा साखरपुडा आटोपून मामाजी आणि आत्याबाई गाडीवरून परत येत होते. अचानक एक वासरू रस्त्यात आलं. मामाजींनी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली. मामाजींचं कोपर सोलवटलं. आत्याबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि बाई चालायला लागल्या त्या एका बाजूला झुकूनच.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामाजी सांगत, "मी तं बराबर थांबवून राह्यलो होतो. ते मागं हलली, म्हणून गाडी लहरली." पलंगावरून आत्याबाई म्हणत, "हो, मीच हलली असन." कारंजा घाडग्याहून त्यांचा भाऊ आला, तोही बहिणीलाच बोलला, "बाई, काऊन हलत होती तू? गाडीवर बसाची अक्कल नाई का तुले?" त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मामाजींच्या हातून गाडी पडेल हे मला खरंच पटण्यासारखं नव्हतं, त्यामुळे बाई हलल्याच असणार असं मीही धरून चालले.

पुढच्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका मैदानावर मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी प्रगत प्रशिक्षण होतं. ज्यांना गाडी येते त्यांनाच अधिक नीट शिकवायचं, असा तो वर्ग. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून मी नाव दिलं. मामाजी म्हणाले, "मी बी येतो. शिकवणाऱ्याइले किती येते ते पाहाले."

शिकवणारी नागपूरची एक तरुण मुलगी होती. मामाजींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उचलल्या. पहिली कसोटी अगदी साधी होती. ठरलेल्या वेगाने यायचं आणि खुणेच्या शंकूपासून ब्रेक मारून लवकरात लवकर थांबायचं. जिथे थांबाल तिथे चुन्याची रेघ. मामाजी ऐटीत आले, पायाने ब्रेक दाबला. मागचं चाक जाम झालं, गाडीचं बूड सापासारखं वळवळलं आणि सगळ्यांच्या रेघा ओलांडून ते कसेबसे पाय टेकवत थांबले. मागून कोणीतरी हसलं.

"काका, पुढचा ब्रेक नाही लावला?" तिने विचारलं.

"बेटा, पुढचा लावला का माणूस तोंडावर पडते. जिंदगी गेली माही गाडीवर."

ती हसली नाही, वादही घातला नाही. स्वतः गाडीवर बसली आणि आधी नुसत्या पायाच्या ब्रेकने थांबली, मग दोन्ही ब्रेक लावून. दोन रेघांमध्ये एखादी बैलगाडी उभी राहील एवढं अंतर होतं. "झटका द्यायचा नाही काका," ती म्हणाली, "ओलं फडकं पिळतो ना, तसा दाब वाढवत न्यायचा. थांबायचं खरं काम पुढचं चाकच करते. मागचं एकटं दाबलं तर जाम होते आणि गाडी आडवी जाते."

गाडी आडवी जाते म्हटल्याबरोबर मी मामाजींकडे बघितलं. ते चुन्याच्या रेघेकडे बघत होते.

दिवसभर ते तेवढंच करत राहिले. बाकीचे लोक जेवायला गेले तरी हे मैदानावर फेऱ्या मारत होते. जुनी सवय सुटेना, पाय आधी जायचा. दुपार कलल्यावर एकदा गाडी सरळ रेषेत, मुकाट, शहाण्यासारखी थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाजी मात्र उतरले, हेल्मेट काढलं आणि पावलं मोजत चालत गेले, सकाळी जिथे थांबले होते त्या रेघेपर्यंत. मी मागे गेले. ते दोन्ही रेघांच्या मधल्या जागेकडे बोट दाखवत म्हणाले, "वासरू इथं होतं, सूनबाई." मग मागे वळून गाडीकडे बघितलं. "अन् मी तिथं थांबलो असतो."

उन्हात उभा असलेला तो उंच माणूस माझ्यासमोर बोलणी खाल्लेल्या मुलासारखा मान खाली घालून उभा होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

घरी आलो तेव्हा आत्याबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मामाजी गाडी लावून त्यांच्यासमोर उभे राहिले. "तू हलली नवती," ते म्हणाले.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

मामाजींची संध्याकाळची खुर्ची त्या दिवसापासून आत गेली. जेवताना घास हातात राहायचा. एका रविवारी मला सोबत घेऊन ते कारंजाला गेले आणि मेहुण्यासमोर बसले. "माह्याच हातून झालं ते. तुम्ही उगाच बाईले बोलले," म्हणाले. मेहुणा हसला, "सोडा ना भाऊजी, जुनी गोष्ट हाय." परतताना मामाजी मला म्हणाले, "कोणी शिव्या बी देत नाई वं." मग त्यांनी गाडी शिकवलेल्या माणसांना एकेक करून गाठायला सुरुवात केली. बाळू चांगला दोन पोरांचा बाप झालेला, त्याला रस्त्यात उभं करून म्हणाले, "मी तुले चुकीचं शिकवलं बाबू. जाणून नाई, पण चुकीचं." अमरावतीला गेलेल्या एकाला फोन केला. लोक ओशाळायचे, मामाजींना पाणी द्यायचे. आम्ही घरचेही त्यांची समजूत घालत राहिलो. यजमान नागपूरला नोकरीला, दर शनिवारी आले की वडिलांपाशी बसायचे. मी त्यांच्या आवडीची झुणका-भाकर करायचे. घरात सगळेजण मामाजींना जपत होते.

आपण आता नीट चालवतो याची खात्री झाल्यावर त्यांनी एकदा आत्याबाईंना विचारलं, "दवाखान्यात जाचं हाय ना, बसतं का मांगं?" त्या म्हणाल्या, "आटो बोलवा." मामाजींनी ऑटो बोलावला, त्यांना हात धरून बसवलं आणि स्वतः आपल्या गाडीवरून ऑटोच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत गेले. त्यानंतर कायम तसंच. गल्लीला ती वरात सवयीची झाली. बाईंच्या मनात पडण्याची भीती बसली, असं आम्ही सगळे म्हणायचो.

गेल्या थंडीत मामाजी झोपेतच गेले. गल्लीतली सगळी माणसं आपापल्या गाड्यांवरून स्मशानघाटावर आली होती.

तेरवीनंतर आत्याबाईंना दवाखान्यात दाखवायचं होतं. मी ऑटोला फोन करायला निघाले तर म्हणाल्या, "काऊन? तुही गाडी हाय ना. तुह्या मांगं बसतो."

"भीती नाही वाटणार तुम्हाला?"

"भेव?" त्या चपला घालत होत्या. "भेव कधीच नवतं वं. मले राग होता."

मी किल्ली हातात घेऊन उभी राहिले.

"त्याइले लाज वाटे, ते मले दिसे," त्या म्हणाल्या. "चांगला माणूस होता, म्हणून वाटे. पण तुम्ही सारे त्याइच्या लाजेचीच चाकरी करून राह्यले. बाबाले काय वाटते, मामाजी जेवले का. मी वरीसभर खोटी ठरून राह्यली. अन् खरं निंघालं त्या दिवशी बी माह्यापाशी कोणी येऊन बसलं नाई. तू बी नाई."

आवाज चढलेला नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग झुकत झुकत फाटकापर्यंत गेल्या आणि माझी वाट बघत उभ्या राहिल्या. मी गाडी काढली. त्या माझा खांदा धरून हळूच बसल्या, पाय नीट ठेवला. "चाल," म्हणाल्या.

दवाखान्यापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि दवाखान्याशी मी दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत गाडी थांबवली.