शिवेपलीकडची सही

आमच्या आप्पांना गावात देवमाणूस म्हणतात. म्हणू देत. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? देवमाणसाच्या घरात राहून बघा म्हणजे कळेल. बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायचा विसरला तर हा माणूस हिंडलग्याला उतरून त्याच्या खिडकीखाली तिकिटाचे पैसे धरलेला हात वर करून उभा राहणार. एकदा बोलले की बोलले, मग पुढं आभाळ कोसळू दे. आईनं अशा माणसाबरोबर आख्खा जन्म काढला. मी त्यांची थोरली लेक तेजस्वी. लग्न होऊनसुद्धा मी त्यांच्याच घरात राहते, कारण नवरा सैन्यात, पोस्टिंग राजस्थानात, आणि तिथं कुटुंब न्यायची सोय नाही.

आप्पांचं नाव भरमू. हिंडलग्याच्या पुढं आमचं गाव, तिथं थोडं रान. बटाटा, फ्लॉवर, कोथिंबीर लावायची आणि पहाटे बेळगावच्या मार्केटला न्यायची, हा त्यांचा धंदा. बोलणं कमी. पण माझी पोरगी आरोही, वय वर्षं पाच, तिच्याशी एवढं बोलतात की आई म्हणते, "माझ्यासंगं येवढं बोलला असता तर मी म्हातारी झाले नसते." आरोही त्यांच्याच ताटात जेवते आणि त्यांच्याच घोंगड्यावर झोपते.

मी शिक्षिका. दोन हजार बावीसच्या जूनमध्ये माझी बदली निपाणीला झाली. गावातून बेळगाव, बेळगावातून निपाणी, संध्याकाळी परत तसंच. सकाळी पोरगी झोपलेली असायची आणि मी घरात शिरायच्या वेळेलाही झोपलेली. रविवारी ती माझ्याकडं पाहुणी आल्यासारखी बघायची. दिवाळीपर्यंत मी सोसलं. मग ठरवलं, गाडी घ्यायची. पेट्रोलची रोज पळवणं परवडणार नव्हतं म्हणून इलेक्ट्रिक.

आमच्या शाळेतले एक सर टॅक्सच्या बाबतीत लई हुशार. ते म्हणाले, "मॅडम, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाचं व्याज इन्कम टॅक्समध्ये वजा होतं. पण कर्ज येत्या एकतीस मार्चच्या आत मंजूर झालं पाहिजे. गाडी मागाहून येऊ दे. मंजुरीच्या पत्रावर तारीख कुठली, तेवढंच बघतात." मी कागद घेऊन हिशेब मांडला. ती सूट धरली तर हप्ता पगारात जेमतेम बसत होता. सूट गेली तर गाडी गेली.

त्या रात्री जेवताना मी सरळ सांगितलं. "आप्पा, गाडीचं जमलं न्हाय तर मी निपाणीत खोली घेणार. आणि आरोहीला संगं नेणार. मला माझी पोरगी मोठी होताना बघायची हाय."

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडलेला तसाच हातात धरला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर गोठ्याच्या कडेची जुनी बैलगाडी विकून टाकलेली, जागा सारवून घेतलेली, आणि वायरमन भिंतीत चार्जिंगचा पॉइंट बसवत होता. गाडीचा अजून पत्ता नव्हता. मला हसूच आलं.

शोरूमवाल्यानं कोटेशन द्यायला महिना लावला, बँकेनं त्याच्यावर ताण केली. फाईल पुढं सरकली तोवर मार्च अर्धा गेला. जामीन म्हणून पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावाचं, विक्रमचं नाव दिलं होतं.

आणि नेमकी त्याच वर्षी गावात लक्ष्मीची यात्रा. आमच्याकडं ही यात्रा दरवर्षी येत नाही, कित्येक वर्षांनी येते. तिच्या आधी काही आठवडे मंगळवार आणि शुक्रवार पाळायचे. त्या दिवशी रानात कुदळ लावायची नाही, दळण नाही, नवी वस्तू गावात आणायची नाही, देण्याघेण्याचा कागद करायचा नाही. दिवस उगवल्यापासून देवळात दिवा लागेपर्यंत कुणी गावची शीव ओलांडायची नाही. नोकरीवाल्यांना आणि शाळेच्या पोरांना तेवढी मोकळीक. ती पंचांनी दिली होती, देवीला विचारलं होतं की नाही कुणास ठाऊक. शिवेवर राखण करायला कुणाला बसवायचं, तर ज्याच्या शब्दाला किंमत आहे त्याला. बसवलं आमच्या आप्पांना. हातात काठी, डोक्याला पिवळा फेटा.

दुसऱ्याच मंगळवारी मष्णूचं झालं. मष्णू आमचा शेजारी, रान आमच्या बांधाला लागून. त्याची पाण्याची मोटर जळाली आणि तो पहाटेच बाहेर पडून टेम्पोत नवी मोटर घालून आला. आप्पांनी शिवेवर काठी आडवी धरली. मष्णू हाता-पाया पडला. "आप्पा, फ्लॉवरचा तरवा वाळून चाललाय हो." आप्पा म्हणाले, "दिवा लागला की आण. मी सोता खांदा देतो." मोटर दिवसभर रस्त्याच्या कडेला उन्हात पडून राहिली. आप्पांनी रात्री खांदा दिला, पण ती कोवळी रोपं काही वाचली नाहीत. मष्णू त्यानंतर आमच्या घरावरून जाताना मान फिरवायचा. मलाही आप्पांचा राग आला होता. मी त्यांच्या तोंडावर बोलले, "एवढा कडक बामण तर देवळात बी न्हाय."

एकतीस मार्च आला तो शुक्रवारी.

मी निपाणीला वर्गावर होते. बँकेतून फोन आला. अक्षरा नावाची ऑफिसर, चांगली मुलगी. म्हणाली, "मॅडम, तुमच्या भावाचा जामीन चालणार नाही. ते मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेत आणि त्याचे हप्ते थकलेत. आजच्या आज दुसरा जामीन द्या. जमीन नावावर असलेला कुणीही." जमीन नावावर असलेला, आजच्या आज सही करणारा माणूस जगात मला एकच होता, आणि तो काठी घेऊन शिवेवर बसला होता.

रजा टाकली आणि मिळेल त्या बसमध्ये चढले. उभ्यानं संकेश्वर, उभ्यानं बेळगाव. वाटेत विक्रमला फोन करून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अक्षराला विनवलं. ती म्हणाली, "मी कागद घेऊन तुमच्या गावापर्यंत येते. पण चारच्या आत मला परत पोचलं पाहिजे, साहेब नंतर सिस्टीम बंद करतात." बँकेतल्या बाईनं एवढं करावं हेच लई झालं. मी तिच्याच स्कूटीवर मागं बसून गावाकडं निघाले.

शिवेवर एक उभा दगड आहे. त्याच्या आत लिंबाच्या सावलीत आप्पा बसलेले, शेजारी यात्रा कमिटीचे मारुतीराव, आणखी दोघं-तिघं आणि मष्णू. अक्षरानं स्कूटी दगडाच्या अलीकडंच थांबवली. आप्पा मला बघून उठले.

"काय झालं गं? शाळा सोडून?"

मी एका दमात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"उद्या न्हाय चालत?"

"उद्या एक तारीख, आप्पा. मग सूट न्हाय."

ते खाली बघत राहिले. अक्षरा हातातलं घड्याळ बघत होती. माझा तोल सुटला. चार माणसांसमोर बापाला बोलायचं नसतं हे मला कळत होतं, तरी बोलले. "देवी येणार हाय का माझ्या पोरीला सांभाळायला? रोज सांजच्याला 'आई कवा येणार' म्हणून ती तुम्हालाच इचारते न्हवं? बसा काठी धरून. जूनला आम्ही दोघी निपाणीत असणार."

मारुतीराव जुने, सगळ्या गावाची भांडणं मिटवणारे. ते खाकरले. "भरमू, असं कर. पाय आतच ठेव आणि हात तेवढा भाईर काढ. कागद त्या बाईकडं भाईर हाय. सही भाईर झाली, तू आत ऱ्हायलास. मोडलं कुठं?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. मला तर वाटलं मारुतीरावांच्या पाया पडावं. अक्षरानं लगेच पॅडला लावलेले कागद पुढं केले आणि पेनचं टोपण काढलं. आप्पा दगडाजवळ आले. हात पुढं गेला. मग थांबला.

त्यांनी वळून मष्णूकडं बघितलं. "मष्णूची मोटर मी निम्मी आत घिऊ दिलती का?"

मष्णू मान खाली घालून मातीवर रेघा ओढत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "तसं न्हाय करायचं." संपलं, असंच मला वाटलं. पण त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला, घडी केली, आणि काठीसकट मष्णूच्या मांडीवर ठेवला. "हितनं पुढं तू बस. मी मोडतोय. चोरून न्हाय, तुमच्या म्होरं मोडतोय. दंड काय असंल तो पंचांनी सांगावा." आणि दोन्ही पाय टाकून ते दगडाच्या बाहेर आले.

मारुतीराव नुसते बघत राहिले. आप्पांनी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून एकेका पानावर सही केली. त्यांची सही लांबलचक, काना-मात्रा सगळं नीट काढणार. अक्षरा म्हणाली, "आजोबा, थोडं लवकर." हात मात्र आपल्याच चालीनं चालला होता. शेवटची सही झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "चला, आत सोडते तुम्हाला." ते म्हणाले, "भाईर पडलेल्याला दिवा लागूस्तोवर आत येता येत न्हाय. तू जा, येळ घालवू नको."

बँकेत साहेब एका मोठ्या फायलीत मुंडी घालून बसले होते. प्रिंटर अडकला. शिपायानं दोनदा झाकण उघडलं, कागद ओढला, परत बसवला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची माझी हिंमत होईना. शेवटी पत्र बाहेर आलं, साहेबांनी सही ठोकली, शिक्का मारला. मी पहिल्यांदा तारीख वाचली, मग माझं नाव.

गावाकडं परतले तर ऊन कललं होतं. आप्पा शिवेच्या बाहेर रस्त्याच्या कडेला, सावली नाही अशा जागी, उकिडवे बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नव्हते, कारण पाणी आतलं. दगडाच्या आत मष्णू फेटा बांधून बसला होता आणि त्याच्यामागं आरोहीचा हात धरून आई उभी होती. आईचे डोळे रडून सुजले होते. पंचांचा निरोप आला होता. यंदा देवीच्या गाड्याला भरमूनं हात लावायचा नाही. आप्पांच्या बापानं आणि आज्यानं यात्रेत देवीचा तो गाडा ओढला होता. पुढची यात्रा कधी, आणि तेव्हा आप्पा असणार का, हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं.

मी त्यांच्यासमोर पत्र धरलं.

"तारीख?" त्यांनी विचारलं.

"आजचीच हाय, आप्पा."

त्यांनी पत्रावर बोट टेकवून तारीख स्वतः वाचली. तेवढ्यात आरोहीनं आजीचा हात सोडला आणि ती दगडाकडं पळाली. मष्णूनं काठी आडवी केली. ती काठीपुढं थांबली आणि त्याच्याकडं बघत राहिली. मष्णूनं एकवार आप्पांकडं बघितलं, काठी हळूच खाली ठेवली आणि तोंड रानाकडं फिरवलं. पोरगी सरळ बाहेर येऊन आज्याच्या मांडीवर बसली.

"जा गं, आत जा, अजून दिवस हाय," आप्पा म्हणाले. पण त्यांच्या दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं होतं.

"ऱ्हाणार न्हवं ही हितंच?" त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं.

"ऱ्हाणार," मी म्हटलं.

थोड्या वेळानं देवळात दिवा लागला, घंटा वाजली. मष्णू बाजूला सरकून म्हणाला, "या आप्पा, चला घरात." आप्पा काही लगेच उठले नाहीत. पोरीच्या केसांत तोंड घालून ते तसेच बसून राहिले, आणि त्यांची पाठ हलत होती.