नबीलालच्या टांग्यातून हललेलं गाव

दौंड-मनमाड लाइन पडली, तेव्हा स्टेशन प्रवरेकाठच्या गावापासून तीन मैल लांब झालं. त्या तीन मैलांवर नबीलालच्या घराण्याचं पोट चालायचं. आधी बापाचा टांगा होता, मग त्याचा.

पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, गुळाच्या ढेपा मालगाडीनं जाऊ लागल्या. व्यापाऱ्यांनी स्टेशनापाशी वखारी बांधल्या. मागोमाग शिंपी गेला, सोनार गेला, शाळाही तिकडंच गेली. एकेकाचं बिऱ्हाड नबीलालनंच हलवलं. सेहेचाळीस साली तोही बायकोला, अख्तरीला, घेऊन स्टेशनपेठेत राहायला गेला. जुन्या गावात उरली ती थोडी म्हातारी माणसं आणि रंगुबाई सुईण. नबीलाल तिच्याच हातावर जन्मलेला.

"चल की मावशी पेठंत," तो म्हणायचा.

"तितं माजं कोन हाय?" ती म्हणायची.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर अख्तरीला दिवस गेले. एका सकाळी कळा सुरू झाल्या. शेजारणीला बसवून नबीलालनं टांगा पिटाळला आणि रंगुबाईला घेऊन निघाला. येताना बघतो तर फाटकात मालगाडी आडवी उभी.

"विंजिन पानी घेतंय. अर्धा तास हलत न्हाई," फाटकवाला आसाराम म्हणाला.

नबीलालला रडूच फुटलं. रंगुबाई मात्र खाली उतरली. "दोन डब्यांच्या मदनं जाते मी."

आसाराम लाल झेंडा घेऊन गार्डाकडं धावला, गाडी थोपवायला सांगून आला. मग हाताला धरून त्यानं त्या साठीच्या बाईला डबे जोडणाऱ्या साखळीवरून पलीकडं उतरवलं. नबीलाल घोड्यापाशी अडकला. डब्यांखालून त्याला तिचे अनवाणी पाय झपाझपा पेठेकडं जाताना दिसले.

तो घरी पोचला तेव्हा आत मूल रडत होतं.

"पोरगी हाय. अख्तरी बी धड हाय. ये आत," रंगुबाई म्हणाली. त्यानं तिचे धुळीचे पाय दोन्ही हातांनी धरले.

चाळीस दिवस रंगुबाईनं पोरीला न्हाऊमाखू घातलं. मग नबीलालनं तिला सोडायला टांगा जोडला. ती बाहेर आली, पोरीला मांडीवर घेऊन पायरीवरच बसली.

"तू एकलाच जा," ती हळूच म्हणाली. "माजा पाटा-वरवंटा आन्, पेटी आन्."

तो सामान घेऊन परतला, तेव्हा अख्तरी शेजारची रिकामी खोली सारवत होती.