लंडन किती पानं?

पानभाऊंना मैल मान्य नव्हता. आप्पा आलापल्लीच्या जंगलात रेंजर होते आणि पानभाऊ त्यांचे वाटाडे. आप्पांनी नकाशा उलगडून "सहा मैल" म्हटलं, की पानभाऊ म्हणत, "कागदावर असंल, साहेब. चढ कुठी दिसते त्याच्यात?" निघताना ते सागाचं कोवळं पान तोडत. हातातलं पान कोमेजलं की एक कोस झाला. मग दुसरं तोडायचं. गाव तीन पानांवर आहे म्हणाले, की तिसऱ्या पानाने मान टाकेपर्यंत कोंबड्यांचा आवाज यायचाच.

सुट्टीत मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून घरी आले, की ते पान माझ्या हाती देत. मी कुणाशी फारसं बोलत नसे, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. अर्ध्या वाटेत एवढंच विचारत, "कोमेजलं का, लहान्या बाई?" मी मान हलवायची. मला तेवढं बोलणं पुरे होतं.

ताई घरी असली की मात्र पान तिच्याकडे जायचं. ती त्यांना चिडवायची, "भाऊ, सावली असली की तुमचा कोस लांबतो!"

"लांबनच! सावलीत पाय थकते का, बाई?"

दोघं हसत. मी मागून चालायची. तिचे हात सागाच्या रसाने तांबडे, माझे कोरडे.

लंडनला शिकणाऱ्या एका डॉक्टरशी ताईचं लग्न झालं आणि ती विमानाने तिकडे जायला निघाली. आप्पांनी ॲटलासवर दोरा धरून सांगितलं, मुंबईहून साडेचार हजार मैल. थांबत थांबत एक दिवस नि एक रात्र. पानभाऊंनी दोऱ्याकडे पाहिलंच नाही. "मोठ्या बाई, हवाई जहाजात बसाच्या आंधी एक पान तोडजा. सागाचं नाई भेटलं तं कोनतंबी. लंडन किती पानं हाय, थे मले कळवजा."

ती गेल्यावर ते रोज विचारत, पत्र आलं का. मी सात वर्षं वसतिगृहात काढली. माझ्या पत्राची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

पत्र आलं तेव्हा आप्पा कामासाठी चांद्याला गेले होते. ताईने नेहमीसारखं इंग्रजीत लिहिलं होतं. 'भाऊंना सांग, विमानतळाबाहेरच्या बदामाचं पान पर्समध्ये ठेवलं होतं. लंडनला उतरले तरी ते ताजंच होतं. म्हणजे मी अजून त्यांच्या एका कोसाच्या आतच आहे.'

पानभाऊ पायरीवर बसले होते. मी कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "पान वाटेतच कोमेजलं म्हणते. आकाशात दुसरं कुठून मिळणार? तिने मोजणं सोडून दिलं."

ते पायरीवरून उठले. मग म्हणाले, "मंग लय दूर हाय. येनं नाई होनार आता मोठ्या बाईचं."

त्यानंतर त्यांनी ताईचा विषय काढला नाही. पान रोज माझ्याच हाती येऊ लागलं. फक्त "कोमेजलं का?" हे विचारायचं ते विसरू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांची बदली झाली. आम्ही मोटारीत बसताना पानभाऊंनी एक पान माझ्या हातात ठेवलं. "कळवजा, लहान्या बाई."

ते चांद्याच्या आधीच कोमेजलं. मी कळवलं नाही. तेही नाही आणि लंडनचंही नाही. कितीदा कागद पुढे घेऊन बसले. पण माझं पत्र त्यांना दुसरं कुणीतरी वाचून दाखवणार. मी लिहिलंय तेच तो माणूस वाचेल, असा भरवसा मी कसा धरावा?