निळ्या रंगाला उकळी

आठ वर्षांपूर्वी मी बासष्टची होते, म्हणजे अगदीच पोर, आणि अक्कलही तेवढीच. घरातली नासू शकणारी प्रत्येक वस्तू आपणच वाचवतो, हा गर्व मात्र दांडगा.

सून सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. तिनं उसाच्या फडाशेजारी तीन उथळ टाक्या बांधून त्यात स्पिरुलिना नावाचं हिरवं काहीतरी सोडलं. "शेवाळ न्हाई आत्या, जिवाणू हायत. झाडासारखे उन्हावर जगतात," ती मला सांगायची. मी नवी नवरी असताना दर शनिवारी जनावरांच्या हौदातलं शेवाळ काथ्यानं घासून काढायची आणि सासूच्या शाबासकीची वाट बघायची. (आली नाही.) आता माझीच सून टाकीत हिरवं वाढवत होती, वर त्याला खायचा सोडा घालत होती.

तिला हवा होता त्यातला निळा रंग. हिरवा लगदा फ्रीजरमध्ये गोठवायचा, वितळू द्यायचा, थंड पाण्यात भिजवून फडक्यातून गाळायचा. खाली उतरलं ते मोरपिसासारखं निळं, आणि उन्हात धरलं तर लालसर झळाळी. हा रंग म्हणजे प्रथिनच, दुधात असतं तसं, असं ती म्हणाली. मी त्यातलं दूध तेवढं लक्षात ठेवलं.

महाबळेश्वरचा एक आइस्क्रीमवाला दुसऱ्या दिवशी नमुना न्यायला येणार होता. त्याला पसंत पडला नाही तर टाक्या बुजवून ऊस लावायचा, असं माझ्या मुलानं आधीच सुनावलेलं. सुनेची तीन वर्षांची मेहनत फ्रीजमधल्या एका पातेल्यात होती. ती साताऱ्याला बाटल्या आणायला गेली आणि इकडे वीज गेली.

दुपारपर्यंत वीज येईना. पातेल्याला हात लावला तर कोमट. आता हे नासणार! दूध नासायला आलं की आपण काय करतो? मी गॅस पेटवला.

थोड्या वेळानं वर साय धरली. मी येडी त्या सायीचं कौतुक करत उभी! उकळी फुटली तोवर निळ्याचं राखाडी झालं आणि तळाशी चोथा. जास्वंदीच्या सरबतात लिंबू पिळलं की रंग खुलतो, म्हणून यातही पिळलं. उरलंसुरलंही गेलं.

चारच्या सुमारास सून आली.

"आत्या, पातेलं कुठं हाय?"

"गॅसवर. लाईट गेली हुती. नासलं असतं, वाचवलं मी."

तिनं आत बघितलं. "आवं, कोमट ऱ्हायलं असतं तर काय बी झालं नसतं. उकळून मारलं तुमी त्याला."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगत हुते. तुमीच म्हणालात, मला शिकवू नगंस."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

दारातून मुलगा म्हणाला, "झालं. बुजवा आता टाक्या." राग स्वतःचा यायला हवा होता; तो मी सोयीनं त्याच्यावर काढला. "तू आधी स्वच्छ फडकं शोध," म्हटलं.

फ्रीजरच्या तळाशी थोडा लगदा उरला होता, आणि वीज गेल्यानं आपसूक वितळलाही होता. तो थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळला. वाटीभर निळं निघालं.

"एवढंच?" आइस्क्रीमवाल्यानं विचारलं.

"बाकीचं मी उकळलं," मी सांगून टाकलं. सुनेनं डोळे वटारले, पण मी थांबले नाही. "ह्याला आच सोसत न्हाई, लिंबू सोसत न्हाई, ऊन सोसत न्हाई. रंग न्हाई, जावई हाय हा."

तो हसला, मग ओशाळला. "आजी, मी पण गरम दुधातच घालणार हुतो."

मग त्यानं आमच्याच थंड दुधात चमचाभर रंग कालवून बघितला आणि वाटीतला सगळा बाटलीत भरून घेऊन गेला. आठवड्यानं त्यानं पुढचा माल मागितला. टाक्या राहिल्या.

पण गिऱ्हाइकांचे फोन तेव्हापासून माझ्या गळ्यात पडलेत. कुणी रंग भट्टीत घालतो, कुणी काचेच्या बरणीत भरून उन्हात मांडतो, आणि 'उडाला' म्हणून आमच्यावर ओरडतो. सून सांगते, समुद्रातल्या लाल शेवाळातून असाच नाजूक गुलाबी रंग निघतो. त्याच्या चमकेवरून प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी ओळखतात म्हणे. एकाला तो भाजायच्या बिस्किटात हवा होता! काल दुसऱ्यानं विचारलं, "आजी, एक उकळी दिली तर जास्त टिकंल का?"

मी त्याला असं काही झाडलं, की पलीकडे सून ओढणी तोंडात कोंबून हसत बसली.