तिकीट काढून गाडीवान

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या गड्यांनो, कारण पुढं सांगताना मलाच हसू येतंय आणि हातातला चहा सांडतोय. माझ्यासारखा खुळा माणूस अख्ख्या शिराळा तालुक्यात न्हाई, असं आमची शालन चारचौघांत सांगती आणि मला ते मान्य हाय.

शालन म्हंजे माझी बायको. मी फौजेत हवालदार हुतो. मी तिकडं सीमेवर असताना तिनं घर, रान, म्हशी, माझे आई-आबा, समदं एकटीनं वढलं. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. साताऱ्याकडं जाताना हायवेला एक पार्क लागतं. त्यातला लय मोठा आकाशपाळणा यष्टीतनं दिसतो. त्यात एकदा बसायचं.

पेन्शनीत आल्यावर मी दरसाल म्हणायचो, औंदा नेतोच. दरसाल तिथलं तिकीट वाढायचं आणि मी पुढच्या सालावर ढकलायचो. शेवटी ध्यानात आलं, की आपण थांबल्यानं तिकीट काय थांबत न्हाई. म्हशी भावजयीच्या हवाली केल्या आणि निघालो. मी इस्त्रीचा नेहरू शर्ट, धोतर आणि नवी टोपी घातली हुती. शालन म्हणाली, वऱ्हाडात निघाल्यागत दिसताय. मला बरं वाटलं.

गेटवर तिकिटाचा आकडा मी दोनदा इचारला. पोरीनं दोन्ही वेळा तोच सांगितला. चपला ठेवायच्या पेटीचं वेगळं, सावलीतल्या खुर्चीचं वेगळं. मनगटाला कागदी पट्टी चिकटवली आणि आत सोडलं. आत बघतो तर आकाशपाळण्याला दोरी बांधलेली, वर पाटी, दुरुस्ती चालू आहे. पाण्याच्या घसरगुंडीत पाणी न्हाई. चालू काय, तर एकच: ‘खेड्यातला एक दिवस’. म्हंजे बैलगाडी, चूल, भाकरी आणि म्हस.

आता तुमीच सांगा. म्हशीपासनं एक दिवस सुटका व्हावी म्हणून माणूस एवढा खर्च करून जातो आणि तिथं पुन्हा म्हसच बघतो. शालनच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस हुईना. तिला झाडाखाली बसवलं आणि पाळणा कवा चालू हुतोय, ते इचारायला निघालो.

वाटेत बैलगाडी उभी हुती. गाडीवानाचा पत्ता न्हाई. एका बैलाच्या मानेवर जू तिरकं बसलं हुतं. मला बघवंना. मी जू सरळ केलं, बैलाच्या मानेवरनं हात फिरवला आणि मागं वळलो, तर गाडीत पुण्याच्या पाच-सहा बायका चढून बसलेल्या. मी बी तुमच्यासारखाच पाहुणा हाय, असं सांगणार, एवढ्यात मॅनेजर धावत आला. तरणा पोरगा, घामानं निथळत हुता.

“ठेकेदारानं पाठवलंय ना तुम्हाला? इतका उशीर?”

तिथल्या कामगारांचा पोशाख म्हंजे नेहरू शर्ट, धोतर आणि टोपी, हे मला कुठं ठाऊक? आणि उशीर तर झालाच हुता. मी खरं ते सांगितलं. “यष्टी उशिरा आली, साहेब.”

“बरं, आता गाडी हाका. लोक खोळंबलेत.”

फौजेत उभी हयात काढली, की अंगात एक खोड राहते. कुणी चढ्या आवाजात हुकूम दिला, की आधी पाय हलतात आणि डोकं मागनं इचार करतं. मी टाचा जुळवल्या, “जी साब” म्हणालो आणि कासरा धरला.

एका फेरीनंतर उतरायचं ठरवलं हुतं. पण उतरायच्या आत पुढची रांग लागली. बरं, गाडीत बसणारा प्रत्येकजण माझ्यावरच राग काढायचा. तिकीट एवढं, पाळणा बंद, नळाला पाणी न्हाई, माणसं कमी केलीत. पहिल्या फेरीला मी बी त्यांच्याबरोबर मॅनेजरच्या नावानं बोटं मोडली. पुढं पुढं मी माफी मागाय लागलो. दुपारपर्यंत तर मी त्यांनाच समजावत हुतो, की वीज महागली, पेंड महागली, मालकानं तरी काय करावं?

एका फेरीला त्याच पुण्याच्या बायका परत आल्या आणि त्यांच्याबरोबर शालन येऊन बसली. मला कासरा धरलेला बघून तिचे डोळे मोठे झाले. मी हळूच म्हणालो, लय घोळ झालाय. तिनं पदर सारखा केला.

“गाडीवान, जरा हळू हाका. पाहुण्यांना धक्के बसत्यात.”

एवढं बोलून ती गप्पांत रंगली ती रंगलीच.

दुपारी तिथली म्हस धार देईना. कामावरचा पोरगा लांब उभा राहून तिला नुसता चुचकारत हुता. मॅनेजरनं मला इचारलं, जमेल का? समद्यांच्या मोबाईलपुढं मी धार काढली. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत शालन सगळ्यात पुढं हुती. घरी धार काढायची म्हटली की माझी कंबर धरते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. त्याचा माणूस लग्नाला गेला हुता, कामावर आलाच नव्हता. मॅनेजर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“मग तुम्ही कोण?”

मी बाही वर सरकवून कागदी पट्टी दाखवली. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. दिवसभर बोलला का नाहीत, म्हणाला. मी म्हणालो, “तुमी हुकूम देत हुता, मी पाळत हुतो.” त्यानं हात जोडले. पाळणा दुरुस्त झाला की दोघंही या, तिकीट नको, म्हणाला आणि स्वतः जाऊन चहा घेऊन आला.

मला घोर शालनचा. तिचा पाळणा राहिलाच की. खाली मान घालून झाडाखाली गेलो, तर बाईसाहेब पाय पसरून निवांत बसलेल्या. मी काय बोलायच्या आधी तीच म्हणाली, “पाळणा कुठं पळून चाललाय? आवं, दुसऱ्या बाईनं थापलेली भाकरी मी आयती ताटावर बसून खाल्ली. पापडाएवढी हुती, पण तव्यावरची गरम हुती. मग जरा डोळा बी लागला.” तिचा चेहरा बघून माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर पडताना गेटवर एक पोरगी मोबाईल घेऊन उभी हुती. काय आवडलं, काय सुधारायला पाहिजे, ते पाहुण्यांना इचारून टिपत हुती. मला वाटलं, आता शालन पाळण्याचं, पाण्याचं, तिकिटाचं समदं काढणार. शालननं एकदा माझ्याकडं बघितलं.

“समदं झ्याक हाय बाई,” ती म्हणाली, “फकस्त गाडीवान तेवढा बदला.”