फेल गेलेल्या बोअरचा श्वास

सोनाळ्याला आमच्या शेतात एक बोअर आहे. पाणी लागलं नाही म्हणून फेल गेला. नुसता लोखंडी पाइप जमिनीवर गुडघाभर उभा राहिला. त्याच्या झाकणाला भोक आहे. मी लहान असताना एखाद्या दिवशी त्यातून कण्हल्यासारखा आवाज येई, आणि निंदणाऱ्या बायका तिकडे फिरकत नसत. बाबा शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी सगळ्यांना पाइपापाशी नेऊन सांगितलं, "भूतबीत काही नाही. जमिनीच्या पोटातून गॅस निघते." बायका पुन्हा तिथे निंदू लागल्या.

आता मी बुलढाण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. एका तत्त्वज्ञाचं म्हणणं दरवर्षी वर्गात सांगते : विज्ञान विटेवर वीट रचत वाढत नाही. माणसं एक चित्र खरं धरून काम करतात, त्यात न बसणारं बाजूला सारतात. मग कधीतरी चित्रच मोडतं, आणि तीच माणसं वेगळ्या जगात उभी असतात. हे शेवटचं वाक्य मला जरा अतिच वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात बाबांबरोबर शेतात गेले होते. सकाळ निरभ्र, पाइप गप्प. मी वाकले तर ओढणीचं टोक सरकत भोकात शिरलं.

"बाबा, हे आत ओढून राह्यलं."

"वारा असंन."

तुरीच्या वाळक्या काड्याही हलत नव्हत्या. बाबांनी भोकावर तळवा ठेवला, आणि झटकन काढून धोतराला पुसला. "असं पह्यलेही झालं होतं," ते हळूच म्हणाले. "म्या मनावर नाही घेतलं."

दुपारी सातपुड्यावर ढग चढले आणि पाइप कण्हू लागला. आता हवा बाहेर येत होती, थंड, तोंडावर. बाबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते दोन पावलं मागे सरले. "गॅस असता तर सकाळी आत काऊन गेला असता?" ते मला नाही, पाइपाला विचारत होते. भूत आम्ही कधीच मानलं नव्हतं आणि आता गॅसही गेला होता.

मग वाचून कळलं : डोंगराच्या पायथ्याशी खोलवर गोटे-रेतीचे कोरडे थर असतात, त्यांत हवा भरलेली असते. आभाळ निरभ्र असताना वरची हवा जड झाली की बोअर ती आत घेतो, ढग येताना हलकी झाली की सोडतो. बाबांनी कितीतरी दिवस तळवा धरून पाहिलं. खरं निघालं.

पावसाळ्यात निंदायला आलेल्या बायकांना त्यांनी पुन्हा बोलावून सांगितलं. त्यांतली सगळ्यांत म्हातारी म्हणाली, "मंग तो गॅस कुठी गेला, गुरुजी?"

"तो नव्हताच, बाई."

"पण आमाले तर त्याचा वास येत होता."

बाबांनी पाइपाकडे पाहिलं. "मलेही," ते म्हणाले.

बायका विळे घेऊन उठल्या, आणि पाइपाला पूर्वीसारखा लांबून वळसा घालून कामाला गेल्या.